कोणी पाठवलं?

गिऱ्हाईक दुकानात आलं की अब्बा भाव सांगायच्या आधी विचारायचे, "कोणी पाठवलं?" नाव कळलं की त्या माणसाकडे उरलेल्या कापसाची एक छोटी उशी जायची. पुसदला आमचा गाद्या-रजयांचा धंदा असाच चालला. फोमच्या गाद्या आल्या आणि तो आटला. महागावचा एकजण आमची कापूस पिंजायची मशीन बघून गेला. अब्बा त्याला म्हणाले, थंडी संपल्यावर या. मशीन गेली की दुकान संपलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मला भयंकर राग आला. मी दुकानाची वेबसाइट केली होती, पण शोधणाऱ्याला ती सापडतच नव्हती. दुसऱ्यांच्या साइटवर आपली लिंक असली की आपण शोधात वर येतो, एवढं वाचून मी चारशे लिंका विकत घेतल्या आणि ऐटीत अब्बांना यादी दाखवली. जुगार, केसगळतीची औषधं, परदेशातले फ्लॅट. त्यांनी चष्मा लावून सगळी वाचली.

"याच्यातल्या कोणाच्या घरी आपली गादी हाय?"

"कोणाच्याच नाही."

"मंग हे लोकायले काय सांगून राह्यले?"

लिंका विकतच्या आहेत हे पकडलं गेलं आणि थोड्याच दिवसांत साइट शोधातून गायबच झाली. मग त्या लिंका काढायला लावल्या आणि अब्बांना घेऊन बसले. कोणती गादी कुठे गेली हे त्यांना तोंडपाठ. त्यांतले साइट असलेले नऊजण निघाले. मी प्रत्येकाला फोन केला. यवतमाळच्या एका वसतिगृहाने लिंक दिली, पाठदुखीवर लिहिणाऱ्या एका निवृत्त बाईंनी तर आमच्या गादीवर अख्खा लेख लिहिला.

पुण्याहून पहिला फोन आला. भाव सांगायच्या आधी मीच विचारलं, "कोणी पाठवलं?" उत्तर ऐकून अब्बा बाईंसाठी उशी शिवायला बसले. त्यानंतर मशीनला उसंत मिळाली नाही.

थंडी संपली आणि महागाववाला हजर झाला. अब्बांनी मशीन थांबवलीसुद्धा नाही. "मशीन नाही देत आता. गादी पाह्यजे का?"

तो हसला आणि त्याने चक्क दोन गाद्या सांगितल्या. सवयीने अब्बांनी विचारलं, "तुमाले कोणी पाठवलं?"

"तुमीच तं म्हणले होते, या म्हणून!"

पाठवणाऱ्याची ती उशी आमच्याच घरी राहिली. अब्बा रोज तीच डोक्याखाली घेतात.