मास्तरचं संगीत अन् माझी वाहवा

हसाचं नाही, एवढं आधी कबूल करा. मंगच सांगतो मी सानगडीत कसा तोंडावर पडलो ते!

आमच्या भागात एक मास्तर होते. झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवता वाजवता त्यायनं एक दिवस ऑर्गनच सोडला! सूप, टिनपत्रे, सायकलची चाकं, जे हाती लागलं ते वाजवाले लागले. लोक आधी हसले. मंग दुरून दुरून पोरंपोरी त्यायच्याकडे शिकाले येऊ लागले.

मास्तर वारले. त्यायच्या मुलीनं, शोभाताईनं, सानगडीत आठवणीचा कार्यक्रम ठेवला अन् पाहुणा म्हणून बोलावलं मले! काहून? तर मोहाडीच्या चहाटपरीवर मी रोज ठासून सांगायचो, "मास्तरले समजणारा माणूस जिल्ह्यात एकच, तो म्हणजे मी!"

खरं सांगू? मी त्यायचं एक मिनिटही ऐकलं नव्हतं.

स्टेजचा पडदा बंद; मागं मास्तरचे चेले त्यायचंच संगीत वाजवणार होते. मी पहिल्या खुर्चीवर. तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. घर्रर्र... फट्! घर्रर्र... फट्!

झालं सुरू! मी डोळे मिटले, मान डोलवली, "वाह मास्तर!" म्हणलो. पाहुणा डोलते म्हणून मागच्या रांगाही डोलाले लागल्या. मंग काय, मले जोरच चढला! उभा राहून ओरडलो, "ऐका मंडळी! हे घर्रर्र म्हणजे माणसाची धडपड! अन् हे फट् म्हणजे... स्वप्न फुटलं हो!"

डोळ्यात पाणी आलं माह्या. खरंखुरं!

पडदा बाजूले सरकला. काळे हात पुसत मेकॅनिक बाहेर आला.

"सर, पाच मिनिटं थांबा नं. जनरेटर चालू होऊन नाही राहिला."

सारा मांडव खदखदला! शोभाताईनं तोंडाले पदर लावला, पण खांदे हलूनच राहिले होते तिचे.

गुपचूप बसलो. ठरवलं, आता फसाचं नाही! जनरेटर लागला, दिवे आले, मेकॅनिक माह्याच बाजूले येऊन बसला. पडदा अजून बंदच. अन् मागून पुन्हा... टण्. ठक. टण् टण्. खर्रर्र.

मी मेकॅनिकले कोपरानं ढोसलं. "अरे भाऊ, बिघडलं नं पुन्हा! जाय, बंद कर पैले!"

त्यानं एक डोळा उघडला.

"चूप बसा नं सर! मास्तरचं वाजून राहिलं ते. पैल्यांदाच ऐकून राहिले काय?"

"हो भाऊ," मी म्हणलो.

त्या दिवशी मास्तरच्या संगीतावर मी बोललेलं तेवढंच एक वाक्य बरोबर होतं!