संपतरावांचा न छापलेला अंक

संपतरावांना कोणीही परदेशाबद्दल विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"कैरोत लोक काय खातात हो?"

"भाकरच खातेत. तुमच्या गावचा रस्ता झाला का?"

विचारणारा आधी गडबडायचा आणि मग रस्त्याचं गाऱ्हाणं सांगत बसायचा. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाचा वार्ताहर म्हणून हा माणूस देशोदेशी राहिलेला. ते सगळं सोडून खामगावात एका साप्ताहिकाचा संपादक होऊन बसला होता. कोट एकच, तोही कोपरावर विरलेला. बोलणं अस्सल वऱ्हाडी, मग समोर कलेक्टर का असेना.

मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. परवा संपतरावांच्या स्मारक समितीची मंडळी घरी आली होती. "सुमनबाई, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम केलंत. स्मरणिकेला लेख द्या. परदेशातल्या गमतीजमती लिहा. ते पाण्याचं प्रकरण तेवढं नको. झालं गेलं ते आता कशाला उकरायचं?" समितीचे अध्यक्ष म्हणजे साप्ताहिकाच्या मालकांचे चिरंजीव! माझं डोकंच फिरलं. चहा पाजला आणि वाटेला लावलं. लेख मी लिहिते आहे, पण तो त्यांच्यासाठी नाही.

शाळेतली नोकरी सोडून मी साप्ताहिकात गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी एक बातमी लिहून त्यांच्यापुढे ठेवली. अमुक गावात वृक्षारोपणाचा कार्यक्रम उत्साहात पार पडला, अशी. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"तुमी गेल्ता तिथं?"

"नाही. त्यांचं पत्रक आलं होतं."

"मंग उत्साह पत्रकवाल्याले झाला असन. तुमाले काय झालं?"

कागद परत माझ्या हातात. मी तणतणत एसटीने त्या गावाला गेले. खड्डे होते, रोपं नव्हती. तसंच लिहिलं आणि तसंच छापून आलं. मालकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण त्या वेळी चालवून घेतलं. अंक हातोहात खपला होता.

जाऊन पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते एकदाच बोलले. परदेशात एका शहरात लष्कर रस्त्यावर उतरलं होतं. सरकारी माणसाने येऊन सांगितलं की शहर शांत आहे. यांनी तशी तार मुंबईला धाडली. दुसऱ्या दिवशी कळलं की मागच्याच गल्लीत गोळीबार झाला होता. "शहर शांत हाये म्हनून मीच लिहिलं, सुमनबाई. मी हॉटेलात होतो. हॉटेल शांत होतं." एवढं बोलून ते प्रुफं वाचायला लागले. त्या तारेनंतर थोड्याच दिवसांत त्यांनी ती नोकरी सोडली होती म्हणे.

आता ते पाण्याचं प्रकरण. जानेफळच्या पलीकडे एक वाडी आहे. तिथला एक शेतकरी कापसाची गाडी घेऊन बाजारात आला होता. तो आमच्या कचेरीच्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, आमच्याकडं लेकरं मरून राह्यले. हगवण लागते अन् संपतेत." संपतरावांनी कोट चढवला. मला म्हणाले, "चला." दोन एसट्या बदलून आणि पुढे पायी चालून आम्ही पोचलो.

वाडीत नवी टाकी झाली होती. तिचा पाइप गुरांच्या उकिरड्याखालून नेलेला, आणि जोडावर तो फुटलेला. आम्ही दोघांनी वाकून पाहिलं. घाण आत जात होती. एका ओसरीवर एक बाई आपल्या पोराच्या ओठांना ओला बोळा लावत होती. मी तिला म्हटलं, हे पाणी देऊ नका हो. ती म्हणाली, "नवं पानी हाये बाई. सरकारनं देल्लं. ते खराब कसं असन?" त्याच टाकीतून आसपासच्या वस्त्यांनाही पाणी जायचं. कंत्राटदाराची माणसं सगळ्यांना सांगत फिरत होती, की हवा बदलली, दुसरं काही नाही. कोटवाल्या परक्या माणसाचं आणि माझं कोण ऐकणार?

परतल्याबरोबर संपतरावांनी बुलढाण्याला जिल्हा कचेरीत फोन लावला. चौकशी करतो, एवढंच उत्तर मिळालं. मग त्यांनी बातमी लिहिली, छपाईचे खिळे जुळले, प्रुफं मी तपासली. अंक यंत्रावर चढणार तेवढ्यात मालक आले. टाकीचा कंत्राटदार त्यांचा जावई होता, आणि ते बातमीत लिहिलेलं होतं.

"संपतराव, आठच दिवस थांबा. पोरीच्या संसाराचा प्रश्न आहे. मी गुपचूप पाइप बदलून घेतो."

"आठ दिवस ते पानी कोन पिईन? तुमी?"

मालकांनी छापखान्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून घरी गेले. मी रडकुंडीला आले होते. संपतराव शांतपणे म्हणाले, "प्रुफं हायेत ना तुमच्यापाशी? द्या."

सकाळी कापसाच्या बाजारात, गाड्यांच्या गर्दीत, ते एका बैलगाडीवर चढले आणि अख्खा अंक खड्या आवाजात वाचायला लागले. आधी कापसाचे भाव वाचले, त्यामुळे सगळा बाजार गोळा झाला. मग ती बातमी. लोक ओरडले, "पुन्हा वाचा!" त्यांनी पुन्हा वाचली, आवाज बसेपर्यंत वाचली. जानेफळकडच्या गाड्या कापूस तसाच टाकून माघारी फिरल्या. टाकीची तोटी लोकांनी स्वतः बंद केली, मग सरकारी डॉक्टरही धावले. ओसरीवरचं ते पोर तेवढं राहिलं नाही.

संपतरावांना मालकांनी त्याच दिवशी काढलं. आणि गाव? गावाने त्यांना हार घातले, खांद्यावर घेतलं, भर चौकात सत्कार केला! पण गावातला एकही छापखाना त्यांचं स्वतःचं पत्र छापायला तयार होईना. एकाही व्यापाऱ्याने जाहिरात दिली नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी भाड्याच्या खोलीत पोरांना इंग्रजी शिकवून काढली. रस्त्यात दिसले की जो तो वाकून नमस्कार करायचा. काय करायचंय असलं प्रेम? चाटायचंय? मी असं बोलले की ते हसायचे. "इतक्या काऊन तापता बाई? पानी बंद झालं ना?" त्यांना राग नव्हता. मला आहे, आणि तो मी सोडणार नाही.

ते गेले तेव्हा स्मशानात पाय ठेवायला जागा नव्हती. शोकसभेत मालक डोळे पुसत म्हणाले, माझा पाठचा भाऊ गेला. सगळे वक्ते कैरोबद्दल बोलले. वाडीचं नाव कोणी काढलं नाही. साप्ताहिकाच्या जुन्या फायली चाळल्या तर त्या आठवड्याचा अंक नाही, 'तांत्रिक अडचणीमुळे' निघाला नाही असं पुढच्या अंकात छापलंय. म्हणजे ती बातमी आजवर कुठेच छापलेली नाही. प्रुफं बाजारातल्या गर्दीत फाटून गेली, पण मी ती इतक्यांदा वाचली होती की मला शब्दन् शब्द पाठ आहे. स्मरणिकावाल्यांनी वाचावी:

"जानेफळपलीकडच्या वाडीत नव्या टाकीचे पाणी पिऊन मुले दगावत आहेत. पाइप उकिरड्याखाली फुटला आहे, तो आम्ही डोळ्यांनी पाहिला. टाकीचे कंत्राटदार या साप्ताहिकाच्या मालकांचे जावई आहेत. हे पाणी कोणीही पिऊ नये. हा मजकूर लिहीपर्यंत टाकी चालूच होती."