हवेच्या भाराखालचा पत्रा

सदर पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा असून पापडासारखा पातळ होता. माझा मेहुणा दत्तोबा याच्या कारखान्यात तो कापण्यासाठी सीएनसी मशीनच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्राच्या, टेबलावर पसरला होता. क्लॅम्प आवळला तर असा पत्रा वाकतो, म्हणून दत्तोबाने टेबलाच्या खाचेत बाहेरची हवा अडवणारी रबरी दोरी बसवली, वर पत्रा ठेवला आणि पंप सुरू केला. पंपाने पत्र्याखालची हवा ओढून घेतली.

"दाजी, आता उचलून बघा."

मी दोन्ही हातांनी जोर केला. पत्रा तसूभरही हलला नाही.

"अर्ज करूनही सुटायचा नाही तो!" दत्तोबा हसला.

मी हसलो नाही. तहसील कचेरीच्या व्हरांड्यातून आम्हा अर्जनवीसांनी आपली टेबले हलवावीत, असा तोंडी हुकूम त्याच सकाळी झाला होता आणि दत्तोबाला तो ठाऊक होता. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु या तालुक्याचे निम्मे दुःख माझ्याच अक्षरात साहेबांपुढे गेलेले आहे.

पत्र्याला दाबून धरणारी हवा आपल्या सर्वांच्याच डोक्यावर असते. तिचा भार एरवी कोणास जाणवत नाही. खाली पोकळी झाली की तोच भार पकड होतो. माझ्या टेबलाखालीही पोकळीच आहे. ना परवाना, ना भाडेपावती. वर मात्र अख्ख्या तालुक्याची गाऱ्हाणी आहेत.

"मग दाजी, तुमचं टेबल कधी उचलताय?"

"मी उचलणार नाही," मी म्हणालो. "हुकूम देणाऱ्याने स्वतः येऊन उचलावे. मी त्यावर कोपरे टेकून लिहीत बसलेला असेन."