ठोककाकूंची कंबर

ठोककाकू लाजतात असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. इतवारी बाजारात त्यांचं भांड्यांचं ठोक दुकान, आणि शिव्याही ठोकच. किरकोळीत काही नाही! दुकानासमोर हातगाडी आडवी लागली की गाडीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. आम्ही शेजारी. माझ्या लग्नात त्यांनी मला आशीर्वाद दिला तो असा: "तोंड बंद ठेवशील तं सासर डोक्यावर बसंल. बोलत जाय वं!"

अशा बाईला दुखणं एकच, कंबर. पोट बिघडलं तरी कंबर, पाय मुरगळला तरी कंबर. "कंबर गेली माही" म्हणत दुपट्टा करकचून बांधायच्या, की निघाल्या गंज-पातेल्यांच्या चवडी उचलायला. त्यामुळे बाथरूममध्ये घसरल्यावर त्या "कंबर" म्हणाल्या, तेव्हा कुणीच दचकलं नाही. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी कमरेचा एक्सरे काढला, तो साफ. मग पट्टा झाला, शेक झाला, गोळ्या झाल्या. काकू आपल्या लंगडत दुकानात जातच होत्या.

शेवटी मीच त्यांना हाडांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. "एका बोटानं दाखवा बरं, कुठं दुखतं?" बाई म्हणाल्या. काकूंनी आधी सोबत आलेल्या आपल्या मुलाला बाहेर काढलं, पडदा ओढायला लावला आणि पदराआडून बोट ठेवलं ते थेट जांघेत. मी बघतच राहिले!

"जांघेतलं दुखणं बऱ्याचदा खुब्याच्या सांध्याचं असतं," बाई म्हणाल्या. "कधी झीज, कधी सूज. पण पडल्यावर आधी हाड बघायचं." एक्सरे आला. खुब्याचं हाड मोडलेलं! अगं आई गं, मोडक्या हाडावर ही बाई इतवारी फिरत होती!

"काहून नाही सांगितलं जी काकू?" मी ओरडलेच.

"त्या पोरासारख्या डॉक्टरासमोर तो शब्द बोलू? मले लाज नाही का वं?"

ऑपरेशन झालं, पण फार उशीर झाला होता. काकू अंथरुणातून उठल्याच नाहीत, त्यातच गेल्या. आठवण आली की अजूनही जीव जळतो.

परवा माझंच दुखणं घेऊन दवाखान्यात गेले. समोर तरुण डॉक्टर. "कुठं दुखतंय?"

"कंबर," माझ्या तोंडून निघून गेलं.

कानात काकू कडाडल्या, "बोलत जाय वं!"

"जांघ!" मी इतक्या जोरात म्हणाले, की बाहेर बाकावर बसलेल्या बाया चमकून बघायला लागल्या. त्यांतल्या दोघींनी कमरेला पट्टा बांधला होता.