दोनदा आलेला तुकडा

"ड्रायव्हर, तुम्ही बाहेर थांबा," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"ड्रायव्हरबी मीच, नातेवाईकबी मीच. ही माझी साळी, बायकोची बहीण, इंदू."

मॅडमनी खुर्ची दाखवली. मी उभाच राहिलो. तिथं बसायची आम्हाला सवय नसते.

मी कुरखेड्याकडे ॲम्ब्युलन्स चालवतो. 'रेफर' म्हणजे इथं जमत नाही, नागपूरला न्या. इंदूला असंच रेफर केलं होतं. मागं तिचं रक्त तपासायला घेतलं होतं, आज त्याचा रिपोर्ट ऐकायचा होता. चाल डोलते, लघवी आवरत नाही, उभी झाली की चक्कर. माझ्या बायकोचं, कौसल्याचं, असंच सुरू झालं होतं.

कौसल्या गावातल्या दारूबंदीच्या बायांत पुढं होती. मोहाच्या भट्ट्या फोडायची. मग तिचेच पाय लटपटायला लागले. बाजारात लोक हसायचे, "पकडणारीच टाकून आली!" तिनं बाजारात जाणं सोडलं. पुढं खाट धरली. तिच्याही रक्ताची तपासणी झाली होती. रिपोर्ट नॉर्मल आला, न ही पितेच अशी लोकांची खात्री पटली. ती गेली. आता सुट्टीच्या दिवशीही मी गाडीत बसूनच डबा खातो. घरी बोलायला कोणी नाही.

मॅडमनी मेंदूचा फोटो दाखवला. "मेंदूतल्या तारांवर पांढरं आवरण असतं. ते खराब होतंय."

"मग माझ्या बायकोचं रक्त नॉर्मल कसं?"

"तेव्हा जीन्सची अक्षरं वाचली, भाऊ. त्यात चूक नव्हती. इंदूताईंच्या वेळी तुकडे मोजले. एक तुकडा एकदाच हवा, तिथं दोनदा आलाय. त्यामुळे एक पदार्थ जास्त बनतो आणि आवरण बिघडतं. कौसल्याताईंचंही बहुतेक हेच असणार."

"औषध?"

"त्रास कमी करता येतो. आजार थांबवता येत नाही."

इंदू माझ्याकडे वळली. "म्हंजे भाऊजी, कौसल्याबाई पिऊन नोयती न?"

"नाई."

"मलेबी लोकं म्हणूनच राह्यले. फुकटची बदनामी. एक घोट तरी घेतला असता!"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "तुम्हाला मुलं?"

"एक पोरगी. सुजाता. वरोऱ्याला दिली."

"बायकोला हेच असेल, तर मुलीत येण्याची शक्यता अर्धी. तपासणी होते. पण करायची की नाही, ते तिनं ठरवायचं."

इंदूला घरी सोडलं न मी वरोऱ्याला गेलो. सुजाता भाजी निवडत होती. सगळं ऐकलं. हात थांबले नाहीत.

"मले नाई करायची तपासनी."

"काऊन?"

"आज चांगली हावो न मी? राहू द्या तशीच. पोरं मोठी झाली का सांगीन त्याइले."

"अन् मी काय करू? घरी एकटा बसून इचारच करू?"

"ते तुमचं तुमी पाहा." ती पाणी आणायला उठली. दोन पावलं गेली न थांबली. "बाबा, आल्यापासून माया पायाकडंच पाहून राह्यले तुमी. ते बंद करा."

बंद केलं. आता ती माझ्याकडे आली का मी दाराकडे पाठ करून बसतो. ती खाटेवर टेकली का वळतो. मग चहा होतो, बोलणं होतं.

ज्याचं औषध नाही, ते माहीत करून घ्यायची घाई आपल्याला असते, अंग दुसऱ्याचं असतं. पेशंटनं नको म्हटलं का स्ट्रेचर गाडीतच ठेवायचं.