देवसिंगची लेंगी

आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरच्या देवसिंगचे हात थरथरायचे, पाय उंबरठ्यावर अडायचे. तांड्याने निदान करून टाकलं: चोरून पितो. बायको रुक्माबाई रोज त्याचं तोंड हुंगायची. शेवटी डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि दोघांना पुसदच्या कंपवात रुग्णांच्या गटात पाठवलं. तिथल्या ताईंनी शिकवलं, "पाय अडला तर ओढू नका, ताल द्या."

होळी आली. चौकात पायी जाऊन तांड्याची तोंडं बंद करायची, एवढीच देवसिंगची हौस. पण उंबरठ्यावर पाय थिजलेच. मग रुक्माबाईने टाळ्या वाजवत लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, धरली. त्या तालावर गडी निघाला तो थेट चौकात!

मी त्यांचा शेजारी; चौकातच विचारलं, "काहो भाभी, आज तोंड नाही हुंगलं?"

"आज तुमचं हुंगतो, भाऊजी. तुम्ही काहून डुलून राह्यले?"