लेकीला न विचारलेला प्रश्न

इस्पितळात त्यांना सगळे झडतीकाका म्हणत. हृदयातून निघणारे अगदी क्षीण चुंबकीय संकेत टिपणारं यंत्र तिथं जाड पत्र्याच्या बंद खोलीत होतं. द्रवरूप हेलियम ओतून ते सतत गार ठेवावं लागे. टाचणीएवढं लोखंड आत गेलं तरी नोंद बाद. म्हणून आत जाणाऱ्याची झडती घ्यायची, हे काकांचं एकोणीस वर्षांचं काम. "पट्टा, किल्ल्या, केसांतल्या पिना काढा. ताई, आतल्या कपड्यांना हूक असेल तर बदलून या." हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलत नसे. घरीही तेच पुराण. बायको म्हणे, "आता ताटाचीही झडती घ्या."

मग त्यांची लेकच तिथं आली, सातव्या महिन्यात. पोटातल्या बाळाचे ठोके मध्येच भरधाव सुटत, मध्येच मंदावत. पहिलं बाळ असंच गेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेमका बिघाड कळला तरच औषध देता येईल. चुकीचं दिलं तर घात होईल."

काकांनी लेकीच्या बांगड्या उतरवल्या, पिना काढून घेतल्या. पुढचा प्रश्न ओठांवर आला आणि तिथंच राहिला. बापानं लेकीला हे विचारायचं कसं?

नोंद सुरू झाली आणि तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर पडद्यावरची रेघ झोके घेऊ लागली. काकांनी ओळखलं. असे झोके हुकाचेच.

"कुठून येतंय हे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बाहेरची ट्रॉली असेल."

ट्रॉली हलवली, दार पुन्हा लावलं, शेजारची लिफ्ट थांबवली. काखेत कळसा नि गावाला वळसा, आणि हा वळसा काका जाणूनबुजून घेत होते. बायको बाहेर बाकावरच होती; तिच्या कानात सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मग आधी का नाही पाहिलंत, असं सगळे विचारणार. एवढ्या वर्षांचं नाव! तासाभरात उरलंसुरलं हेलियम तळाला गेलं, यंत्र बंद करावं लागलं. नवी टाकी आठ दिवसांनी येणार होती.

सहाव्या दिवशी बाळ पोटातच गेलं.

"नोंद मिळाली असती तरी वाचलं असतंच असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काकांना त्यानं काडीचाही आधार वाटला नाही. महिनाभर त्यांना अन्न गोड लागेना, लेकीच्या नजरेला नजर देववेना.

शेवटी एका दुपारी घरी ते तिच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. "मला बोल गं काहीतरी," ते म्हणाले. "चार शिव्या दे."

लेकीनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

"हूक चालत नाही हे मला ठाऊक होतं, बाबा. लहानपणापासून तेच तर ऐकत आलेय. पण हूक आहे हे तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हटलं, एवढ्याशानं काय होतंय."

काका शिव्या खायला आले होते. आता तिलाच समजवायची पाळी त्यांच्यावर आली.